रंगाच्या आधीचं काम एस्टिमेटात लिहा: कोकण किनाऱ्यावरचे सरपंच, ग्रामसेवक आणि इंजिनियर साहेबांना खुलं पत्र

सरपंच, ग्रामसेवक, शाळा व्यवस्थापन समितीवाले आणि बांधकामाची एस्टिमेटं करणारे सगळे इंजिनियर साहेब, नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी एवढं वाचलं तरी चालेल. लोखंडी कामाच्या एस्टिमेटात "प्रायमरचा एक हात व ऑईल पेंटचे दोन हात" ही जी ओळ वर्षानुवर्षं एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत जातेय ती निदान आपल्या किनाऱ्यापुरती बंद करा. तिच्या जागी लोखंड किती साफ करायचं, त्याच्यावरचं मीठ कसं काढायचं आणि रंग वाळल्यावर किती मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरला पाहिजे हे लिहा, आणि त्या साफसफाईचे पैसे वेगळे धरा. बाकी सगळं पत्र हे का करायचं आणि कसं करायचं एवढ्याचसाठी आहे.

मी रंगकामाचा सुपरवायझर आहे. टाक्या, पाइपलाइनी, कन्व्हेयरचे सांगाडे, मोठ्या शेड अशा कामांवर माझी नोकरी झाली. कारखान्याच्या कंपाउंडच्या आत जी कामं मी बघतो ती पंधरा-पंधरा वर्षं टिकतात आणि त्याच कंपाउंडच्या बाहेर, त्याच वाऱ्यात, गावातली शाळेची शेड, स्मशानाची शेड, वहाळावरचा लोखंडी साकव, पाण्याच्या टाकीचा जिना, जेट्टीवरची रेलिंग ही दुसऱ्या पावसाळ्यात तांबडी व्हायला लागतात. लोखंड तेच, समुद्र तोच, बऱ्याचदा रंगारी पण तेच असतात. फरक फक्त कागदावर काय लिहिलंय त्याचा आहे, म्हणून कागद लिहिणाऱ्यांना हे पत्र.

एका शाळेच्या शेडचं उदाहरण देतो, गावाचं नाव घेत नाही कारण कुणाला दोष द्यायचा नाहीये आणि अशी शेड तुमच्याही गावात असेलच. खांबाच्या पायाशी, बेस प्लेटला कॉलम वेल्ड केलाय तिथे रंगाला फुगे आले होते. किल्लीच्या टोकाने फुगा उचलला तर तळहाताएवढा पोपडा अख्खाच्या अख्खा सुटून हातात आला. कडेने बघितलं तर वर निळा एनॅमल, त्याच्या खाली लाल रेड ऑक्साइड प्रायमर आणि त्याच्याही खाली चिकटून आलेली निळसर काळी पापडी. म्हणजे एनॅमलने रेड ऑक्साइड सोडला नव्हता, रेड ऑक्साइडने पापडी सोडली नव्हती, पण पापडीनेच लोखंड सोडलं होतं. आत ओलसर काळपट गंज. रंगात खोट नव्हती हो, तो ज्याच्यावर लावला तेच लोखंडाला धरून नव्हतं.

ही काळी पापडी म्हणजे मिल स्केल. कारखान्यात लोखंड लालभडक असताना रोलरमधून काढतात तेव्हा हवेने त्याच्यावर ती साय धरते. नवीन चॅनल, अँगल दिसायला गुळगुळीत आणि कोरा असतो तो तिच्यामुळेच, आणि आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की माल नवा आहे म्हणजे साफच आहे, फडकं मारा आणि प्रायमर लावा. पण ती पापडी उन्हाने, वेल्डिंगच्या तापाने तडकते, फटीतून ओल आत जाते, आणि पापडी आणि लोखंड यांच्यामध्ये ओल आली की बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो ज्यात लोखंड खाल्लं जातं. वायर ब्रशने ती निघत नाही, ब्रशने फक्त चकचकीत होते. ती काढायला ब्लास्टिंगच लागतं, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने ग्रिट (धारदार लोखंडी कण) किंवा कॉपर स्लॅगचा (तांब्याच्या भट्टीतल्या मळीची खडी) मारा.

आता मीठ. आपल्याकडचा गंज घाटावरच्या गंजापेक्षा वेगळा का, तर मिठामुळे. गंजायला लोखंड, पाणी आणि हवा एवढंच लागतं, पण मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंडावर डोळ्याला न दिसणारी ओल राहते आणि त्या खाऱ्या ओलीतून गंजाचं काम जोरात चालतं. जानेवारीत सकाळी हर्णैला किंवा मिऱ्याला रेलिंगला हात लावून बघा आणि मग बोट जिभेला लावा. ह्या मिठावरून रंग मारला की मीठ आत कोंडलं जातं. रंगाची कुठलीही फिल्म थोडी का होईना पाण्याची वाफ आत जाऊ देतेच, आतलं मीठ ते पाणी ओढतं, फुगा येतो, फुग्याखाली गंज तयार होतो, गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते म्हणून तो रंगाला वर उचलतो. जुन्या गंजलेल्या कामात तर मीठ खड्ड्यांच्या तळाशी जाऊन बसलेलं असतं, तिथे ना ब्रश पोचतो ना पॉलिश पेपर. म्हणून घासायच्या आधी प्रेशरने गोड्या पाण्याने धुणं हे पहिलं काम. आधी घासलं तर मीठ आणखी पसरतं. बोअरचं पाणी वापरणार असाल तर ते मचूळ नाही ना हे बघा, आपल्या खाडीकाठच्या किती बोअरी मे महिन्यात मचूळ होतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि एक गोष्ट जी किनाऱ्यावर कुणीच करत नाही: दोन थरांच्या मधलं धुणं. आज प्रायमर झाला, दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटला, रात्रभर त्याच्यावर खार बसला, उद्या त्याच खारावर दुसरा हात. मग वर्षभराने वरचा थर खालच्यावरून पापुद्र्यासारखा सुटतो आणि सगळे म्हणतात पेंटची कंपनी बदला. गोड्या पाण्याने धुवून, सुकवून मग पुढचा थर लावायला जास्तीत जास्त अर्धा दिवस जातो. मीठ मोजायची टेस्ट पण आहे, ब्रेस्ल पॅच म्हणतात, छोटी चिकटपट्टी लावून आत शुद्ध पाणी भरून ते किती खारट झालं ते मीटरवर बघायचं, दहा-पंधरा मिनिटांचं काम.

रंगाच्या थरांचं आता. जगभर ह्याला आयएसओ १२९४४ नावाचं स्टँडर्ड वापरतात. त्यात हवा किती खाणारी आहे त्याप्रमाणे सी वन ते सी फाइव्ह आणि त्याच्याही वर सीएक्स असे वर्ग केलेत. सी थ्री म्हणजे साधारण शहरातली हवा, तिथे उघडं लोखंड पहिल्या वर्षात २५ ते ५० मायक्रॉन झिजतं, सी फाइव्हमध्ये ८० ते २०० मायक्रॉन. समुद्राला लागून असलेली आपली कामं सी फाइव्हमध्ये धरायला हवीत, जेट्टीवर तुषार उडतात तिथे त्याहून कडक, आणि सड्यावर, आत दोन-चार डोंगर ओलांडून गेलं की सी फोर धरून भागेल. आपल्या देशाच्या लोखंडी बांधकामाच्या आयएस ८०० ह्या स्टँडर्डमध्ये पण, २००७ च्या आवृत्तीत, टिकाऊपणाचा वेगळा विभाग आहे आणि हवामानाप्रमाणे संरक्षण ठरवा असंच त्यात आहे. म्हणजे मी मागतोय ते काही नियमाबाहेरचं नाही.

सी फाइव्हला पंधरा ते पंचवीस वर्षं टिकणारी सिस्टीम पाहिजे असेल तर झिंक रिच (म्हणजे जस्त भरलेला) प्रायमर धरून एकूण वाळलेला थर २६० मायक्रॉन लागतो. झिंक नसेल तर ३००. आणि आपली ती प्रायमर एक हात ऑईल पेंट दोन हात? एका हाताला साधारण तीसेक मायक्रॉन धरले तर तिन्ही मिळून ९०-१००, तेही रंगाऱ्याने थिनर ओतला नसेल तर. म्हणजे जे लागतं त्याच्या निम्मं पण नाही.

हे २६० एकाच डब्यातून येत नाहीत, तीन थर आणि तिघांची तीन वेगळी कामं. सगळ्यात खाली ६० मायक्रॉन झिंक रिच एपॉक्सी (एपॉक्सी म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारा रंग). ह्यातलं जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, त्यामुळे रंगावर चरा पडला तरी गंज लगेच आत पसरत नाही. पण त्यासाठी जस्ताचा कण थेट लोखंडाला टेकला पाहिजे, म्हणून झिंक प्रायमर हा फक्त ब्लास्टिंग केलेल्या उघड्या लोखंडावरच. रेड ऑक्साइडवर झिंक प्रायमर मारलेला मी पाहिलाय, ते पैसे वहाळात गेले. मधे १४० मायक्रॉन एपॉक्सी एमआयओ, त्यात अभ्रकासारखे चपटे कण असतात ते एकावर एक आडवे बसतात, पाण्याला आत जायला वळसे घेत जावं लागतं. वर ६० मायक्रॉन पीयू (पॉलीयुरेथेन), कारण एपॉक्सी कितीही दणकट असला तरी उन्हात खडूसारखा भुकटी सोडतो, आपल्या एप्रिलच्या उन्हात तर वर्षभरात हाताला पांढरं लागायला लागतं. पीयू ऊन झेलतो, रंगही टिकवतो.

स्कॉटलंडमध्ये फोर्थचा रेल्वे पूल आहे, १८९० सालचा, खाडीवरच. तो कायम रंगवतच असतात अशी त्याची ख्याती होती. २००२ ते २०११ मध्ये त्यांनी जुने थर ब्लास्टिंगने उघड्या लोखंडापर्यंत काढले आणि ग्लास फ्लेक (काचेचे चपटे कण घातलेला) एपॉक्सी धरून तीन थरांची सिस्टीम केली, आता पंचवीस वर्षांच्या हिशोबावर बसलेत. आपला साकव तीस फुटाचा आहे, आपल्याला ते न जमण्यासारखं काहीच नाही.

ब्लास्टिंग किती करायचं त्याला पण ठरलेली भाषा आहे. एसए टू अँड हाफ असं एस्टिमेटात लिहा, म्हणजे पापडी, गंज, जुना रंग सगळा निघून फक्त कुठेतरी हलकी सावली उरेल एवढं साफ. ब्लास्टिंग झालं की काही तासांच्या आत प्रायमर, आपल्या दमट हवेत उघडं लोखंड डोळ्यांदेखत पिवळं पडायला लागतं. वाळू वापरायला देऊ नका. वाळूच्या धुळीने सिलिकोसिस होतो, फुप्फुसं कायमची जातात, आणि ती पोरं कुणाची तरी आहेत.

माहितीये, लगेच कुणीतरी म्हणेल आमच्या वाडीत ब्लास्टिंगचा कॉम्प्रेसर कसा आणायचा. आणू नका. नवीन काम असेल तर ट्रस (छपराची कैची), कॉलम, पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो ते आडवे लोखंड) हे सगळं फॅब्रिकेटरच्या वर्कशॉपमध्येच ब्लास्ट करून प्रायमर आणि मधला थर मारून मगच ट्रकात चढवायचं, आणि साइटवर वेल्डिंगच्या ऐवजी नट-बोल्टने जोडायचं. वर्कशॉपमध्ये छप्पर असतं, खारा वारा नसतो, तपासायला पण सोपं. साइटवर फक्त ट्रकात घासून निघालेल्या जागा दुरुस्त करायच्या, धुवायचं आणि वरचा पीयू मारायचा. माझ्या मते गावातल्या कामांचा निम्मा प्रश्न एवढ्यानेच सुटतो. नट-बोल्ट मात्र हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) लिहा, नुसते पिवळे झिंक प्लेटिंगवाले आपल्याकडे एक पावसाळा काढतात.

मालवणला राजकोटचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. पडायच्या काही दिवस आधीच नट-बोल्ट गंजतायत असं लेखी पत्र गेलं होतं, ते सगळ्या पेपरात आलं. तो का पडला ह्याच्या कारणात मी इथे शिरत नाही, तो विषय मोठा आहे आणि मन दुखवणारा आहे. पण गंज दिसायला आपल्या किनाऱ्यावर वर्ष पण लागत नाही ही गोष्ट तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला दिसली. आपण तर इथेच राहतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आलं तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत शाळांचे पत्रे उडाले, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. वादळात पत्रा आधी कुठे सुटतो माहितीये? जिथे हुक आणि पर्लिन गंजून पातळ झालेत तिथे. एवढासा गंज खालून दिसत पण नाही, कारण सी सेक्शनच्या पर्लिनची आतली बाजू, जिथे धूळ आणि ओल साठते, तिथे रंगाऱ्याचा ब्रश कधी गेलेलाच नसतो.

म्हणून कडा आणि कोपरे. रंग ओला असताना धारदार कडेवरून मागे सरकतो, सपाटीवर २६० भरला असेल तर कडेवर शंभर पण नसतो. गंज कायम कडा, वेल्ड, बोल्टची डोकी, भोकं इथूनच सुरू होतो. तर कडा ग्राइंडरने गोल करायच्या, साधारण दोन मिलिमीटर गोलाई, वेल्डिंगचे छर्रे तासून काढायचे, आणि प्रत्येक थराच्या आधी ह्या जागांवर ब्रशने एक जादा पट्टा मारायचा. त्याला स्ट्राइप कोट म्हणतात. स्प्रेने नाही, ब्रशनेच, घासून. एस्टिमेटात लिहिलं नाही तर कुणी करत नाही आणि कॉन्ट्रॅक्टरने का करावा, त्याला त्याचे पैसेच नाहीत.

जुन्या शेडचं काय? तिथे ब्लास्टिंग खरंच जमत नसेल तर निदान गोड्या पाण्याने धुणं, मग पॉवर टूलने एसटी थ्री दर्जाची सफाई, म्हणजे सुटा गंज-रंग जाऊन धातूची झाक दिसेपर्यंत, आणि खालच्या थराला सरफेस टॉलरंट एपॉक्सी मॅस्टिक, म्हणजे पूर्ण साफ न झालेल्या लोखंडावरही धरणारा जाड एपॉक्सी. ब्लास्टिंगवाल्या कामाएवढं टिकणार नाही हे आधीच लिहून ठेवा. शाळेचं फार जुनं काम घासत असाल तर पोरांना सुट्टी असतानाच घासा आणि खाली ताडपत्री पसरून पोपडे गोळा करा, जुन्या रंगात आणि शेंदरी प्रायमरमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमवर (दहा लाखात ९० भाग) आणणारा नियम आपल्याकडे २०१६ चा, त्याच्या आधीच्या थरांची धूळ मुलांच्या नाकातोंडात जाऊ देऊ नका. आणि पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो, स्प्रे मारणाऱ्याला हवा पुरवणारा मास्क पाहिजे, तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे.

वेळेचं तुमच्याच हातात आहे आणि तिथेच सगळं बिघडतं. निधी येतो मार्चला, वर्क ऑर्डर निघते एप्रिल-मेमध्ये, आणि रंग लागतो मृगाच्या तोंडावर, वर ढग आणि खाली रंगारी धावतायत. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग मारायचा नाही, आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशाने जास्त पाहिजे, नाहीतर लोखंडावर न दिसणारं दव असतं आणि रंग त्या दवावर बसतो. आपल्याकडे हे गणित जुळतं ते नोव्हेंबर ते एप्रिल, तेही सकाळचं दव पूर्ण उडाल्यावर. मग ब्लास्टिंग आणि रंग ह्या दिवसांत बसेल अशी वर्क ऑर्डर काढा ना. गणपतीच्या आसपास एस्टिमेट झालं तर दिवाळीनंतर काम उभं राहतं.

तपासणी तर माझी कळकळीची विनंती आहे. आजची पद्धत काय, काम पूर्ण झालं की साहेब येतात, चकाचक निळी शेड बघतात, फोटो, बिल पास. त्यावेळी बघायला काहीच उरलेलं नसतं, सगळं रंगाखाली गेलेलं असतं. साहेब, तुम्ही एकदाच येऊ शकत असाल तर ब्लास्टिंग झाल्यावर आणि प्रायमरच्या आधी या, शेवटी नाही आलात तरी चालेल. बोट फिरवा, धूळ लागते का बघा, कोपऱ्यात मोबाइलचा टॉर्च मारा. आणि शेवटच्या बिलाच्या आधी जाडी मोजायचं मीटर लावून आकडे लिहून घ्या. साइटवर त्याला सगळे एल्कोमीटरच म्हणतात, तालुक्याला एक घेतलं तरी पुरे. सरासरी ठरलेल्या आकड्याच्या खाली नको आणि कुठलाही एक आकडा ८० टक्क्यांच्या खाली नको, म्हणजे २६० ला २०८. ओला असतानाच पकडायचं असेल तर कंगव्यासारखी छोटी गेज मिळते, डब्यावर व्हॉल्यूम सॉलिड्स (वाळल्यावर उरणारा भाग) ८० टक्के लिहिलं असेल तर १२५ मायक्रॉन ओला थर वाळून १०० होतो, थिनर घातला की त्याहून कमी. हे गणित ग्रामसेवकाला पण जमेल, पंचायतीतल्या बारावी झालेल्या मुलीला पण जमेल.

पैशाबद्दल. हो, सुरुवातीला जास्त लागतात, ब्लास्टिंगचे आणि एपॉक्सीचे दोन्हीचे. पण परांची, मजुरी, वाहतूक हा खर्च चांगल्या रंगाला आणि वाईट रंगाला सारखाच, आणि वाईट रंगाला तो दर दोन-तीन वर्षांनी परत. आणि त्या प्रत्येक वेळी लोखंड थोडं थोडं कमी झालेलं असतं, ते कुठल्याच निधीतून परत येत नाही. निधी कमी पडत असेल तर शेड दोन गाळे लहान करा पण सफाईला हात लावू नका.

एस्टिमेटात काय लिहायचं ते तयारच देतो, उचलून वापरा, माझं नाव नको: "सर्व लोखंडी भाग जोडणीपूर्वी वर्कशॉपमध्ये कडा २ मिमी गोल करून, वेल्डचे छर्रे तासून, गोड्या पाण्याने धुवून एसए टू अँड हाफपर्यंत ब्लास्टिंग करणे, प्रायमरपूर्वी खात्याची तपासणी व सही घेणे, झिंक रिच एपॉक्सी प्रायमर ६०, एपॉक्सी एमआयओ १४० व पीयू ६० असा एकूण किमान २६० मायक्रॉन वाळलेला थर देणे, प्रत्येक थरापूर्वी कडा, वेल्ड व बोल्टवर ब्रशने स्ट्राइप कोट देणे, साइटवरील प्रत्येक थरापूर्वी गोड्या पाण्याने धुणे, जाडीच्या नोंदी बिलासोबत जोडणे. ब्लास्टिंगचा दर स्वतंत्र."

कुठल्या ग्रामपंचायतीला किंवा शाळेला आपलं एस्टिमेट दाखवून घ्यायचं असेल, किंवा ब्लास्टिंग झाल्यावर बघायला माणूस पाहिजे असेल तर निरोप द्या, रविवारी मी मोकळा असतो, गाडीखर्च पण नको. यंदाची कामं नोव्हेंबरात सुरू करायची असतील तर कागद आत्ताच हलवायला लागतील.

आपला,
रत्नागिरीकडचा एक रंगकाम सुपरवायझर